नसलेली तारीख

"तो मागचा बाक ओढ आणि दारापाशी नेऊन ठेव," मुळीक सर म्हणाले. "आजपासून तू तिथं बसायचं. एकटी."

एरवी कुणाला जागेवरून उठवलं की मागच्या रांगेत खसखस पिकायची. त्या दिवशी पिकली नाही. मी दप्तर काखेत मारलं, मागं गेले आणि बाक ओढायला लागले. एका पायानं लंगडा होता तो. शहाबादी फरशीवर त्याचा असा काही कर्कश आवाज झाला, की शेजारच्या वर्गातले सर बाहेर येऊन डोकावून गेले. दारापर्यंत पोचेपर्यंत माझे डोळे भरले होते, पण सगळ्यांच्या देखत रडायचं नाही एवढं मी ठरवलं होतं.

"सर, मी बघून लिहीत न्हाई," मी म्हणाले.

"मग काय करतेस ते तरी कळू दे." सरांनी हातातली लाल पेन्सिल कानावर खोचली. "सोमवारी दहापैकी नऊ. काल दहापैकी दोन. आज तीन. अक्कल अशी पाहुण्यासारखी येत-जात नसते, कांचन. ती असते, नाहीतर नसते. ज्या दिवशी शालन वही उघडी ठेवते त्या दिवशी तुला गणित येतं, झाकून ठेवते त्या दिवशी येत नाही. खरं की नाही?"

शालन माझी शेजारीण. तिनं मान खाली घातली. तिच्या वहीकडं मी चुकूनसुद्धा बघितलं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. पण मुळीक सरांपुढं तोंड कोण उघडणार? 'मुळीक सर मुळीच सोडत नाहीत' असं सगळी शाळा म्हणायची, अर्थात त्यांच्या पाठीमागं.

मी दारापाशी बसले. तिथून फळा तिरका दिसायचा, पण सरांच्या तासाला फळ्याचं कामच नसायचं.

त्या वर्षी जूनमध्येच मी गावात आले होते. विट्याजवळचं आमचं गाव. त्याआधीचा माझा सगळा जन्म तमिळनाडूत, करूरला गेला. आमच्या भागातली कितीतरी घरं अशीच पांगलेली आहेत. आमचे लोक गलाई काम करतात, म्हणजे सोनं-चांदी भट्टीत वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करून द्यायचं. आबांचं करूरच्या बाजारात बोळात दुकान होतं, मागच्या खोलीत भट्टी आणि वरच्या खोलीत आम्ही. भट्टीवर काम करणारी गावाकडची आठ-नऊ पोरं आमच्याकडंच जेवायची. आई पहाटेपासून चुलीपुढं असायची. दुपारची भांडी घासून होईस्तोवर रात्रीच्या भाकरीचं पीठ मळायची वेळ व्हायची.

आठवीपर्यंत मी तिकडच्याच शाळेत शिकले, तमिळमधून. गणितात पहिली असायची. मग आईनं एक दिवस हट्ट धरला, की पोरगी मोठी व्हायला लागली, आता ती गावात राहिली पाहिजे, आपल्या भाषेत शिकली पाहिजे. आबा म्हणाले, ठीक आहे. मला मामीकडं ठेवलं. मामा केरळात भट्टीवर, त्यामुळं घरात मामी, तिची दोन बारकी पोरं आणि एक म्हैस. मामीला सोबत झाली, मला शाळा.

मराठी मला चांगली यायची. घरात आम्ही मराठीच बोलायचो. अक्षरं आईनं शिकवली होती, आकड्यांची वळणं गावाहून येणाऱ्या कॅलेंडरवरून मीच गिरवली. तोंडी आकडे आई वीसपर्यंत बोटांवर म्हणायची, पुढचे दहादहानं. मधले मी गावात आल्यावर ऐकून ऐकून गोळा केले. फार सोपे वाटले मला. दोन आठवड्यांत सगळे आले.

आणि तरी मुळीक सरांच्या वर्गात मी बुडत होते.

सरांची रीत वेगळी होती. ते गणित तोंडी सांगायचे. रोज दहा गणितं, एकेक दोनदा सांगायची, मुलांनी वहीत उतरवून घ्यायची आणि सोडवायची. चाचणी आणि वार्षिक परीक्षासुद्धा तशीच. "बाजारात कोण तुम्हाला फळ्यावर लिहून देतं?" ते म्हणायचे. "गणित कानातून डोक्यात गेलं पाहिजे." मग ते लाल पेन्सिल घेऊन बाकांमधून फिरायचे आणि प्रत्येक गणिताची शेवटची ओळ बघायचे. उत्तर बरोबर असेल तर खूण, नसेल तर फुली. वरच्या ओळींकडं ते बघत नसत. "उत्तर चुकलं म्हणजे गणित चुकलं. कुठं चुकलं ते घरी जाऊन शोधा."

मी घरी जाऊन शोधायची. फुली मारलेलं प्रत्येक गणित पुन्हा सोडवायची आणि तेच उत्तर यायचं. तिसऱ्यांदाही तेच. पुस्तकातली गणितं करून मागं उत्तरं बघितली, की एकूण एक जुळायची. वर्गातली मात्र जुळायची नाहीत. चूक सापडली असती तर मी सुधारली असती. पण जी सापडतच नाही, तिचं काय करायचं? मला वाटायला लागलं, की माझ्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे, जो मला सोडून सगळ्यांना दिसतो.

"मामी, शाळेत गेल्यावर माझं डोकं फिरतंय," मी एकदा म्हणाले.

मामीनं हातातला शेणाचा गोळा तसाच ठेवला. "कुणाची तरी नजर लागलीया. एवढी लांबनं आलीस, फडाफडा दुसरीच भाषा बोलतीस, लोकं बघत्यात न्हवं?" तिनं हात धुतले, मीठ-मोहरी-मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागून आम्ही सगळे खोकत बसलो, म्हैससुद्धा. "बघ, किती मोठी नजर व्हती," मामी समाधानानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला दहापैकी आठ मिळाले. मामीचा ऊर भरून आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक.

बाकाचा प्रकार दिवाळीनंतर झाला. त्यानंतर मी कुणाच्या वहीकडं नजरसुद्धा टाकत नसे. पाणी प्यायला उठले तरी मान खाली घालून जायची. शालन एकदा मधल्या सुट्टीत म्हणाली, "आपण दोघींच्या वह्या लावून बघू या का, कुठं चुकतंय ते?" मी तिच्या अंगावर खेकसले. वही शेजारी ठेवलेली सरांनी बघितली असती तर माझं काय झालं असतं! ती बिचारी पुन्हा आली नाही.

*

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला निकाल लागला. मराठी, इतिहास, शास्त्र सगळ्यांत पास. गणिताखाली लाल रेघ.

त्या काळी आमच्या शाळेत नववीला गाळणी लावायचे. कच्ची पोरं दहावीत गेली की बोर्डाचा निकाल पडतो, म्हणून त्यांना नववीतच अडवायचं. काही वर्षभर पुन्हा बसायची, बहुतेक शाळा सोडायची. मी दुसऱ्या गटातली, हे माझं मलाच माहीत होतं. कारण आबांचं पत्र आधीच आलं होतं. आईच्या कमरेनं पार दगा दिला होता. पास झाली तर शिकू दे, नापास झाली तर मी तिला घेऊन येतो, असं त्यांनी कळवलं होतं. घेऊन येतो म्हणजे कुठं, ते मला सांगायला नको होतं. आईच्या शेजारची चूल मला दिसत होती. एकदा तिच्यापुढं बसले की लग्न होईपर्यंत उठायचं नाही, आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी भट्टीमागची चूल.

मुळीक सर व्हरांड्यात निकालपत्रं वाटून संपवत होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. हालेना म्हणून त्यांनी वर बघितलं.

"सर, मला अजून एकदा बघा. एकदाच."

"वर्षभर बघितलं की."

"सर, मला न्यायला येणार हाईत. कायमचं."

का कोण जाणे, सरांनी मला हाकललं नाही. मग निकालपत्रांचा गठ्ठा बांधता बांधता म्हणाले, "फेरपरीक्षा घेणार आहोत तिघाचौघांची. तूही ये. तिथंच तपासतो, तिथंच सांगतो. एकोणतीस तारखेला, सकाळी आठला. पण एवढंच. त्यानंतर माझ्याकडं यायचं नाही."

मी मान हलवली. इतकी हलवली, की सर म्हणाले, "पुरे."

घरी येऊन मी कॅलेंडरपुढं उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. मग मामीला म्हणाले, "मामी, पुन्हा परीक्षा हाय. महिन्याच्या शेवटाला. एकतीसला."

फेरपरीक्षेला बसणारी बाकीची मुलं वरच्या वाड्यांवरची होती. सुट्टीत त्यांची माझी गाठ पडली नाही, आणि विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

पुढचा सगळा महिना मी माळवदावर काढला, पत्र्याच्या आडोशाला. पुस्तक संपवून पुन्हा पहिल्यापासून. मामी जेवायला हाका मारून दमायची. भाकरी उतरत नव्हती. बीजगणिताची गणितं उताणी झोपूनसुद्धा मनात सुटायची, आणि तेवढ्यातच वाटायचं, याचा काय उपयोग? येतं ते इथंच येतं. त्या वर्गाचा उंबरा ओलांडला, की सगळं पालथं होणार. मी स्वतःच्या कपाळावर तळव्यानं मारून घ्यायची. एकदा मामीनं ते बघितलं. तिनं माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

आबा तीस तारखेला संध्याकाळी आले. त्यांच्या सदऱ्याला तेजाबाचा वास तसाच होता, बोटांची टोकं पिवळी. मामीनं चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून तिकिटं काढून दाखवली. मिरजेहून रेल्वेची, दोन.

"उद्या दुपारच्या यष्टीनं निघायचं," ते म्हणाले.

"उद्या तिची परीक्षा हाय दाजी," मामी म्हणाली. "सकाळी. सर तिथंच निकाल सांगणार हाईत."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "मी काय राक्षस हाय का गं? शिकायचं आसंल तर शीक. पास झालीस तर एक तिकीट फाडून टाकतो. पण तुझ्या आईला आता खाली बसलं की उठता येत न्हाई. आन् तू हितं नुसता बाक झिजवत बसणार आसशील, तर त्या माउलीनं का मरायचं?"

ते खरंच होतं.

*

शाळेच्या फाटकाशी आम्ही आठच्या आधीच पोचलो, आबा आणि मी. नवी पेन्सिल, खोडरबर, पट्टी, मामीनं कपाळाला लावलेला अंगारा. मैदानात कुणी नव्हतं. आमचा वर्ग मात्र उघडा होता. सुट्टीत दहावीचे जादा तास तिथंच चालायचे आणि मुळीक सर त्यासाठी लवकर आले होते. ते टेबलाशी उभं राहून खडू मोडत होते.

"सर, मी आले," मी दारातून म्हणाले आणि सरळ माझ्या लंगड्या बाकावर जाऊन बसले. पट्टी-पेन्सिल मांडून ठेवली.

सर माझ्याकडं बघत राहिले.

"आता कशाला आलीस?"

"परीक्षेला."

"परीक्षा परवा झाली," सर म्हणाले.

मला ते शब्द कळले नाहीत. म्हणजे ऐकू आले, पण आत गेले नाहीत.

"परवा मी नऊ वाजेपर्यंत वाट बघितली तुझी," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट ते दमल्यासारखे वाटत होते. "बाकीचे तिघं आले होते. निकाल काल ऑफिसात गेला. तुझ्या नावापुढं गैरहजर लागलंय. तुला मी सांगितलं होतं ना, एवढंच म्हणून?"

आबा दारात उभे होते. त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि माझ्यापुढं उभे राहिले. "परवा व्हती? आन् मला आज घेऊन आलीस? लोकांपुढं माझी शोभा करायला?"

"आबा, मला खरंच–"

"भ्याली आसंल सर," आबा म्हणाले. "आभ्यास नसंल झाला. म्हणून दडून बसली, आन् आता हे सोंग." त्यांचा हात वर गेला. आयुष्यात त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. हात तसाच राहिला वर, त्यांचं त्यांनाच कळेना त्याचं काय करायचं.

"थांबा," सर म्हणाले. "कांचन, मी तुला कुठली तारीख सांगितली होती?"

"एकोणतीस."

"आणि आज किती?"

"एकतीस."

"ऐकलंसा सर?" आबांचा आवाज फाटला. "तोंडावर सांगतीया! तारीख पाठ हाय आन् तरी आली न्हाई."

"पण तशी तारीख नसती!" मी ओरडले. वर्षभरात पहिल्यांदाच मी त्या वर्गात मोठ्यानं बोलले असेन. "मी कॅलेंडर बघितलं सर. मेमध्ये न्हाई, जूनमध्ये न्हाई, कुठल्याच महिन्यात न्हाई. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. तुम्ही एकतीस म्हणाला आसाल. मला नेहमीच चुकीचं ऐकू येतं, मला वाटलं, हेबी तसंच."

"कुठली तारीख नसते?" सरांनी विचारलं.

"एकोणतीस."

"एकोणतीस म्हणजे किती?"

"तीस आन् नऊ."

सरांच्या हातातला खडू खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

"म्हण बरं," ते हळू म्हणाले. "एकतीसपासून पुढं म्हण."

मी म्हणाले. रडत होते तरी म्हणाले. "एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस, पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणतीस, चाळीस."

ऐकायला इतकं बरोबर वाटलं, की आबांनी मानसुद्धा हलवली. मग त्यांची मान मध्येच थांबली.

"आणि एकोणचाळीस?" सरांनी विचारलं.

"चाळीस आन् नऊ. त्याच्यापुढं पन्नास."

"एकोणसाठ?"

"साठ आन् नऊ."

"आणि विसाच्या घरात? अठ्ठावीसच्या पुढं?"

"एकोणवीस," मी म्हणाले. "मग तीस."

"एकोणीस म्हणजे?"

"दहा आन् नऊ." तेवढं एक बरोबर होतं. त्या एकाच्या जिवावर मी बाकीचे सगळे रचले होते. करूरच्या शाळेत वीस आणि नऊ म्हणजे वीस-नऊ, सरळ हिशेब. एकोणीसमध्ये नऊ आहे, म्हणजे एकोण म्हणजे नऊ. एकोण आणि तीस. यात चुकण्यासारखं आहे काय, असं मला तेव्हाच काय, अजूनही वाटतं.

सर खुर्चीवर बसले. कोपरं टेबलावर टेकून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आबा दाराच्या उंबऱ्यावर बसले, चपलांशेजारी.

"घरात आम्ही आकडं तिकडचंच बोलतो सर," आबा म्हणाले. जणू त्यांच्यावर खटला चालू होता. "गिऱ्हाईक तिकडचं, वजनं त्यांच्याच भाषेत, पोरांचा पगार तसाच. बाकी समदं मराठी. फक्त आकडं तेवढं… ध्यानातच आलं न्हाई कधी."

सरांनी हात खाली घेतले. ते आबांशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले.

"ज्या दिवशी माझ्या गणितांत एकोण नसायचं, त्या दिवशी तुला नऊ मिळायचे."

मला अजून कळलंच नव्हतं.

"इकडं ये, कांचन. एकोण म्हणजे नऊ नाही. एक ऊन. ऊन म्हणजे कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. वीस आणि नऊ." त्यांनी फळ्यावर लिहिलं. २९. "एकोणचाळीस हे." ३९. "एकोणसाठ हे."

मी फळ्याकडं बघत राहिले. जून, जुलै, दिवाळी, तो बाक, मामीच्या मिरच्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि प्रत्येक ठिकाणी तो एक शब्द बसलेला होता. माझं डोकं ठीक होतं. वर्षभर माझं डोकं ठीकच होतं. मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही.

सरांनी मला रडू दिलं. मग फळा पुसला, सगळा, वरच्या कोपऱ्यापासून. "पेपर देतेस?"

"आता?"

"आता. हेडमास्तरांना काय सांगायचं ते मी सांगतो. चूक कुणाची ते पण सांगतो."

मी डोळे पुसले आणि दारापाशी माझ्या बाकाकडं निघाले.

"तिथं नाही," सर म्हणाले. "तुझ्या जागेवर. शालनशेजारी बसायचीस तिथं."

मी तिथं जाऊन बसले. सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर गणितं लिहायला सुरुवात केली, आकडे मोठे मोठे काढून. आमच्या वर्गात हे कुणी कधी बघितलं नव्हतं. एकेक आकडा लिहून ते वळून बघायचे, मला दिसतो की नाही ते.

पेपर सोडवताना मी मान वर केली नाही. फक्त मागं काहीतरी हालचाल झाल्याचं ऐकू आलं. सर कुणाला तरी हळू म्हणाले, "तिकडनं धरा. ओढू नका, उचला." मग आबांचा दम लागलेला आवाज, "जड हाय हो." सर म्हणाले, "हो. जड आहे." थोड्या वेळानं मी शेवटचं गणित लिहून वर बघितलं, तेव्हा दारापाशी फरशीचा रिकामा चौकोन होता आणि लंगडा बाक बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून ठेवलेला होता. पास झाले तरी, नापास झाले तरी, नववीच्या त्या वर्गात मी पुन्हा कधी बसणार नव्हते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सरांनी पेपर घेतला. कानावरची पेन्सिल काढली आणि पहिलं गणित पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. प्रत्येक ओळ. दहावीची मुलं येऊन व्हरांड्यात गर्दी करून उभी राहिली, तरी त्यांनी वर बघितलं नाही. शेवटी त्यांनी पेपर आबांच्या हातात दिला. "हे सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "मला वाटतं, वर्षभर बरोबरच होतं."

आबांना तो पेपर वाचता येण्यासारखा नव्हता, पण ते बराच वेळ बघत होते.

*

दुपारी फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभे होतो. मामीनं भाकरी बांधून दिली होती, एकाच माणसाची. आबांनी खिशातून रेल्वेचं एक तिकीट काढलं, फाडलं आणि तुकडे पुन्हा खिशातच ठेवले.

"आईला काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगतो, पोरगी हुशार हाय. आपणच तिला आकडं द्यायचं इसरलो." त्यांनी नाक शिंकरलं. "ती वाट बघत आसंल. तुझ्यासाठी पाट घासून ठेवला आसंल तिनं चुलीपाशी. मीच तिला कळवलं व्हतं, बहुतेक घेऊन येतो म्हणून."

मला पास झाल्याचा आनंद झाला होता. खूप झाला होता. आणि त्याच क्षणी मला आईची वाकलेली पाठ दिसत होती, पिठाच्या परातीवर, एकटीची. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीचं एकदम काय करायचं ते मला तेव्हा कळलं नाही. नंतरही फारसं कळलेलं नाही. अजूनही कुणी फोनवर आकडा सांगितला, की मी तो सुटा करून विचारून घेते, दोन आणि नऊ ना? पलीकडचा माणूस हसतो. हसू दे.

एसटी आली. आबा चढले आणि खिडकीशी बसले. कंडक्टर त्यांच्यापाशी आला, त्यानं खाली उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. पिशवी मी आबांना द्यायची विसरले होते.

"मिरज? किती, दोन?" त्यानं विचारलं.

आबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या हातातली भाकरीची पिशवी घेतली.

"एक कमी," ते म्हणाले.